रिकाम्या तोंडाची साक्ष

माझ्या तोंडात त्या दिवशी काहीच नव्हतं. हे आज मी ठणकावून सांगू शकतो. त्या दिवशी मला ते सांगता येत नव्हतं, आणि सांगता आलं असतं तरी माझ्या सासुरवाडीत कोणी विश्वास ठेवला नसता. उभ्या वकिलीत मी खोट्या साक्षीदारांना खरं बोलायला लावलं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा खरं असूनही तोंड उघडेना. देवाला कधीकधी फार बारीक चेष्टा सुचते.

हे लिहायचं कारण एवढंच, की आमच्या भागात हृदयाची झडप बदलून आलेली माणसं आता गावोगाव दिसतात. छाती न फाडता, जांघेतल्या नसेतून नवी झडप बसवतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस घरी येतो, पाहुणे नारळ घेऊन येतात, आणि सगळ्यांना वाटतं, सुटलो. मलाही तसंच वाटलं होतं.

जिना

नांदेडच्या कोर्टात माझं बरंचसं काम वरच्या मजल्यावर असायचं. गेल्या वर्षी तो जिना चढताना मला मधल्या वळणावर थांबावं लागायला लागलं. मी तिथं उभा राहून कोणाशी तरी गप्पा छाटायचो, म्हणजे लोकांना वाटावं वकीलसाहेब मिलनसार आहेत. एकदा बोलायला कोणीच नव्हतं, तर मी नोटीस बोर्डावरची महिन्यापूर्वीची जाहिरात दोनदा वाचली.

माझ्या बायकोला, सुमनला, हे ढोंग एका आठवड्यात कळलं. तिनं मला हाताला धरून डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी छातीवर जेल लावून पडद्यावर झडप दाखवली. बाकीचं हृदय हलत होतं, आणि दारापाशी काहीतरी पांढरं, आखडलेलं, अर्धवट उघडणारं.

"चुना साचलाय," डॉक्टर म्हणाले.

सुमननं माझ्याकडं असं बघितलं की काही विचारू नका. मी तंबाखूला चुना लावून खाणारा माणूस. डॉक्टरांनी समजावलं की हा चुना वेगळा, वयानं साचणारा. पण सुमनच्या न्यायालयात निकाल लागून गेला होता.

त्या दिवशी घरी येऊन मी अंगणातल्या खुर्चीवर बसलो आणि मला रडू आलं. मरणाचं भय नव्हतं, असं म्हणणार नाही. पण त्याहून मोठं भय दुसरंच होतं. ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकलो, त्या माझ्या गुरूंना झटका आला होता आणि वाचा गेली होती. पुढं कित्येक वर्षं ते रोज काळा कोट घालून बाररूममध्ये येऊन बसायचे. आम्ही बोलायचो, ते ऐकायचे. कोणी कायद्याचा मुद्दा चुकीचा सांगितला की त्यांचे डोळे हलायचे, आणि कोणी त्या डोळ्यांकडं बघायचं नाही. माझ्याकडं शेती नाही, दुकान नाही. माझ्याकडं बोलणं आहे.

उलटतपासणी

नांदेडहून आम्हाला हैदराबादला पाठवलं. तिथले डॉक्टर आमच्या बाजूचेच निघाले, मराठी बोलणारे. मी त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, "झडप बसवताना मला लकवा मारेल का?"

"शक्यता थोडी आहे. नाही म्हणणार नाही."

"मला मारेल का, ते विचारतोय."

"ते छातीठोक सांगता येत नाही. तुमचं वय, झडपेवरचा चुना, मानेच्या नसा, हृदयाचे ठोके, सगळं बघून अंदाज बांधतो. अंदाज म्हणजे भविष्य नव्हे, वकीलसाहेब."

"म्हणजे तुमच्याकडं पुरावा नाही."

ते हसले. त्यांनी टेबलावरच हातांनी एक चौकट काढून दाखवली. जुन्या मातीच्या भिंतीत नवीन चौकट ठोकून बसवली, तर थोडी माती, थोडी खडी पडणारच. ती खाली अंगणात पडली तर काही नाही. उडून मेंदूकडं गेली तर झटका. म्हणून झडप बसवताना ते मानेकडं जाणाऱ्या नसांत चाळणी लावणार होते. काम झालं की चाळणी काढून घ्यायची.

"मग चाळणी काढल्यावर?" सुमननं विचारलं. मला हा प्रश्न सुचला नव्हता.

डॉक्टर तिच्याकडं वळले. "नव्या झडपेवर गुठळी धरू शकते. ठोक्यांची चाल बिघडू शकते. त्यासाठी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. आणि गोळ्यांच्या पलीकडची चाळणी म्हणजे तुम्ही, घरची माणसं. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं जड झालं, की घड्याळ बघायचं आणि निघायचं. पडून राहू द्यायचं नाही, तेल चोळायचं नाही, उतारा करायचा नाही."

मग ते माझ्याकडं वळले आणि तंबाखू बंद, असं म्हणाले. कायमची. मी हो म्हणालो. सुमन म्हणाली, "लिहून घ्या यांच्याकडून."

चाळणीतला कचरा

दवाखान्यातल्या दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही. पहाटे रक्त काढायला यायचे, मग ब्लडप्रेशर, मग बेचव उपमा. शेजारच्या खाटेवर धर्माबादचे एक व्यापारी होते. त्यांना बायपास सांगितली होती. ते अर्धं तेलुगूत आणि अर्धं मराठीत देवाशी भांडायचे. मला ऑपरेशनला नेताना त्यांनी खाटेवरूनच हात जोडले आणि म्हणाले, "जावा, मी इथं बसून बघून घेतो वरच्याला." त्या माणसाचं नाव मला आज आठवत नाही. त्याचे जोडलेले हात आठवतात.

मला पूर्ण भूल दिली नव्हती. छातीत एकदा घोडा उधळल्यासारखं झालं आणि मग शांत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोनवर चाळणीचा फोटो दाखवला. त्यात बारीक पिवळट कण अडकले होते. सुमननं तो फोन हातात घेतला आणि बराच वेळ बघितला.

"हे वर गेलं असतं?"

"गेलं असतं."

तिनं फोन परत दिला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. चारचौघांत तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवल्याची ती पहिलीच वेळ असावी. मी तिसऱ्या दिवशी दवाखान्याचा जिना चढून दाखवला, मधल्या वळणावर न थांबता.

सकाळची हजेरी

घरी आल्यावर सुमननं रोजचा एक विधी सुरू केला. सहा वाजता चहाच्या आधी मला समोर उभं करायची.

"हसा."

हसायचं. सकाळी सहाला हुकमावर हसणं सोपं नाही.

"दोन्ही हात वर. आता बोला काहीतरी."

मी रोज वेगळं वाक्य बोलायचो. कधी कलमं म्हणायचो, कधी तिच्या माहेरच्यांना नावं ठेवायचो. त्यावर ती म्हणायची, "जीभ शाबूत आहे," आणि चहा टाकायची.

तंबाखूचं मात्र कोणाला खरं वाटत नव्हतं. माझी कीर्तीच तशी. पूर्वी दोन वेळा सोडली होती आणि दोन्ही वेळा कोटाच्या आतल्या खिशात चुन्याची डबी सापडली होती. आता सुमननं मला खारका दिल्या. गालात एक खारीक धरायची, दुपारपर्यंत चघळायची. मी ते इमानदारीत केलं. पण येणारा-जाणारा मला बघून डोळा मारायचा.

आणि एक गोष्ट आम्ही दोघांनी मिळून केली. झटक्याची भीती आहे, लक्ष ठेवायचं आहे, हे आम्ही घराबाहेर कोणाला सांगितलं नाही. सुमनच्या भावाच्या मुलीची, शुभांगीची, सोयरीक जुळत होती. पाहुणे लातूरचे. तिच्या आत्याच्या घरात असं काही आहे, याची चर्चा कशाला? शिवाय शुभकार्यात लकव्याचं नाव कोणी काढत नाही. अभद्र बोललं की घडतं, असं आपण मानत नाही म्हणतो आणि मानतो.

लोह्याचा मांडव

सुपारी फोडायचा कार्यक्रम लोह्याजवळ, सुमनच्या भावाच्या आखाड्यावर होता. आखाडा म्हणजे आमच्याकडं शेतातलं घर. भाऊ दिगंबर, सुमनहून बराच लहान. तिनंच त्याला कडेवर खेळवलेलं. तो तिला आक्का म्हणतो आणि साऱ्या जगात फक्त तिलाच भितो. मी त्याचा दाजी. तंबाखू त्याला मीच शिकवली, असं सुमनचं म्हणणं आहे. खरं तर उलट आहे, पण ते प्रकरण कधीच बंद झालंय.

त्या दिवशीही सकाळी सहाला हजेरी झाली. हसलो, हात वर केले, बोललो. मग आम्ही निघालो. आखाड्यावर पोचल्यावर सुमन बायकांत गेली आणि मी पुरुषांत. मांडवात कूलर लावले होते. लातूरचे पाहुणे वाटेत होते. दिगंबर धावपळ करत होता. मी त्याला हाक मारली आणि म्हणालो, "अरे, लाईट जायची वेळ झाली, जनरेटरमध्ये डिझेल आहे का बघ." हे वाक्य मी मुद्दाम पूर्ण लिहितोय. ते मी स्वच्छ, खणखणीत बोललो होतो.

तेवढ्यात लाईट गेलीच. दिगंबर जनरेटरकडं पळाला.

कूलर बंद पडले आणि त्याच वेळी माझ्या उजव्या हातातला पाण्याचा ग्लास खाली पडला. मी तो उचलायला वाकलो, तर हात ग्लासच्या शेजारी जाऊन पडला. दुखलं नाही. चक्कर नाही. मला फक्त नवल वाटलं. तोवर जनरेटर सुरू झाला आणि दिगंबर परत आला. मला म्हणायचं होतं, दिगंबर, मला काहीतरी होतंय. तोंडातून जे आलं ते लापशीसारखं होतं.

दिगंबरनं माझ्याकडं बघितलं. मग आजूबाजूला बघितलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मी ते विसरणार नाही. प्रेमाचंच हसू होतं ते.

"घेतली वाटतं हळूच," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "मला वाटलंच होतं, दाजी, कुठवर दम धरतेत ते. गप बसा आता. आक्का तिकडंच हाय."

मी जोरानं मान हलवली. नाही, नाही. त्याला वाटलं मी म्हणतोय, आक्काला सांगू नको. त्यानं छातीवर हात ठेवला. "म्या कशाला सांगू? मेलो तरी न्हाई सांगणार."

आणि त्यानं मला काखेत धरून, लोकांच्या नजरा चुकवत, मागच्या खोलीत नेऊन बसवलं. सोयाबीनची पोती होती, खिडकी होती. खिडकीकडं बोट करून म्हणाला, "इथून थुंका. कोणी येत न्हाई इकडं." दार अर्धं ओढून घेतलं आणि गेला.

बाहेर पाहुणे आले. कोणीतरी मला विचारलं. दिगंबर हसत सांगत होता, "दाजींच्या तोंडात बार हाय, येतेत थुंकून." सगळे हसले. आमच्याकडं हे कारण पुरतं. तोंडात बार असलेल्या माणसाला कोणी बोलायला लावत नाही, तो हाताच्या खुणांनी कारभार करतो, आणि त्याचं बोलणं जड आलं तर कोणाला शंका येत नाही. मी पोत्याला टेकून बसलो होतो. बाहेर मंगलवाद्यांची कॅसेट लागली होती. माझ्या डोळ्यांसमोर बाररूममधली ती खुर्ची आली, आणि गुरूंचे डोळे.

मी उठायचा प्रयत्न केला आणि कलंडलो. मग तसाच पडून राहिलो.

थुंका आधी

सुपारी फुटली. जेवणं झाली. मग दाजीला टोपी-उपरणं द्यायची वेळ आली आणि दाजी कुठं आहेत, अशी शोधाशोध झाली. सुमन दार लोटून आत आली. माझ्या तोंडाच्या कडेनं लाळ आली होती, शर्टावर ओघळली होती.

"मला वाटलंच," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण त्याहून जास्त ती खचली होती. "एवढं सगळं करून शेवटी हेच. लाज कशी वाटत न्हाई वो तुम्हाला? थुंका. आधी थुंका म्हणते ना!"

मी तिच्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. तेवढंच मला करता येत होतं.

तिनं लहान लेकराच्या तोंडात माती शोधतात तसं बोट घातलं. एका गालात फिरवलं, दुसऱ्या गालात फिरवलं, जिभेखाली फिरवलं. बोट बाहेर काढून बघितलं. बोटाला काहीच नव्हतं.

तिचा चेहरा मी त्या क्षणी बघितला. मला आधी मारून टाका, पण तो चेहरा पुन्हा दाखवू नका.

"हसा," ती म्हणाली.

मी हसलो. अर्धं तोंड हसलं.

"हात वर करा." एकच वर गेला.

तिनं किंचाळून दिगंबरला हाक मारली. मला मांडवातून उचलून नेलं तेव्हा लातूरचे पाहुणे उभे राहिले होते आणि शुभांगी नव्या साडीत रडत होती. अभद्र टाळायला आम्ही जे लपवलं, ते शेवटी भर मांडवातून चौघांच्या खांद्यावर गेलं. सुमननं गाडीतूनच नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आपल्याकडं न बोलावता थेट मेंदूची तपासणी आणि इलाज दोन्ही होणाऱ्या दवाखान्यात जायला सांगितलं आणि तिथं कळवूनही ठेवलं. गाडी दिगंबर चालवत होता.

साक्षीदार

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. डोक्याचा फोटो काढला, रक्तस्राव नव्हता. त्या बाहेर येऊन सुमनला म्हणाल्या, "गुठळी आहे. ती विरघळवायची सुई देता येते. पण हे ठरावीक वेळेतच चालतं. वेळ उलटून गेल्यावर दिली तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. यांना नीट बोलताना शेवटचं कोणी, कधी ऐकलं?"

"सकाळी सहाला," सुमन म्हणाली. "मी रोज बोलून घेते त्यांच्याकडून."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं आणि त्यांचे खांदे खाली आले. "त्यानंतर? गाडीत?"

"गाडीत झोपले होते. मग मी बायकांत. मला न्हाई माहीत. मला खरंच न्हाई माहीत."

"नक्की वेळ हवी. अंदाजावर नाही देता येणार."

मी ट्रॉलीवर पडलो होतो. सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. उत्तर मला ठाऊक होतं आणि अजून एका माणसाला ठाऊक होतं. तो भिंतीला चिकटून उभा होता. मी आयुष्यभर साक्षीदारांचे चेहरे वाचले आहेत. खरं सांगावं की न सांगावं, यात अडकलेला माणूस आधी चपलांकडं बघतो. दिगंबर चपलांकडं बघत होता. तो बोलला तर आक्काला कळणार होतं की दाजींचं बोलणं गेलेलं त्यानं पाहिलं होतं, आणि त्यानंच त्यांना लपवून ठेवलं होतं. तो न बोलला तर मी गेलो. म्हणजे मेलो नसतो कदाचित. बाररूममधल्या खुर्चीत जाऊन बसलो असतो.

मी त्याच्याकडं बघत राहिलो. माझ्याकडं तेवढंच हत्यार उरलं होतं.

"लाईट गेली तव्हा," दिगंबर म्हणाला.

सगळे वळले.

"लाईट जायच्या आधी दाजी चांगले बोलले. म्हनले, डिझेल बघ. म्या जनरेटर चालू करून आलो तर तोंडात बार असल्यागत बोलून राहिले. मला वाटलं... मला वाटलं तंबाखू खाल्ली. म्याच मागच्या खोलीत बसवलं. आक्काला दिसू नाही म्हनून."

"लाईट कधी गेली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"साडेबारा."

"नक्की? अंदाज नको."

"आमच्या शेताची लाईट ह्या आठवड्यात साडेबारालाच जाती, मॅडम. येती उशिरा, पण जाती येळेवर."

आयुष्यभर मी विजेच्या कंपनीला शिव्या दिल्या. त्या दिवसापासून बंद केल्या.

"आहे वेळ. थोडाच आहे, पण आहे," असं म्हणून डॉक्टरीणबाई जवळजवळ पळतच आत गेल्या. ट्रॉली ढकलली गेली तेव्हा मागं सुमनचा आवाज आला, अगदी हळू. "तुला माहीत होतं?" दिगंबरचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

धर्माबाद

सुईनं हात लवकर आला. दुसऱ्या दिवशी बोटं वळायला लागली. बोलणं मात्र रुसून बसलं. शब्द डोक्यात तयार असायचे आणि ओठांपाशी येऊन गर्दीत चुकायचे.

बोलण्याचा व्यायाम घ्यायला एक मॅडम यायच्या. त्या म्हणायच्या, तालुके म्हणा. लोहा यायचं, कंधार यायचं, माहूर यायचं. धर्माबाद यायचं नाही. "धबाबा" असं काहीतरी व्हायचं. मला हैदराबादचे ते व्यापारी आठवायचे आणि वाटायचं, त्यांच्या गावाचं नावही आपल्याला घेता येऊ नये. एकदा चिडून मी उशी फेकली. मॅडमनी ती उचलून आणली आणि म्हणाल्या, "छान. उजव्या हातानं फेकलीत." मला हसू आलं, आणि या खेपेला दोन्ही बाजूंनी.

छातीला लावलेल्या यंत्रात असंही दिसलं की माझे ठोके मधूनच चाल सोडतात. गुठळी बहुधा तिथूनच निघाली असावी. गोळी बदलली. म्हणजे अंदाज बांधायला आणखी एक पुरावा मिळाला, पण तो घटना घडल्यावर. डॉक्टरांनाही हे खटकत होतं, ते त्यांच्या बोलण्यात दिसायचं.

माझं पहिलं पूर्ण वाक्य सुमनला उद्देशून होतं. "दिगूला आत बोलव." तो रोज लोह्याहून येऊन दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचा आणि संध्याकाळी परत जायचा, हे मला नर्सबाईंनी सांगितलं होतं.

सुमननं खिडकीबाहेर बघितलं. "येईल त्याच्या मनानं," ती म्हणाली. तिनं त्याच्याशी बोलणं सोडलं होतं.

मीच नर्सबाईंकरवी त्याला बोलावलं. तो दारात उभा राहिला, आत येईना. मी हात पुढं केला, उजवाच. त्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि एवढा मोठा गडी हुंदके देऊन रडला. सुमन उठून बाहेर गेली.

तिचं मन मला कळत होतं. रागावली होती ती भावावर, पण आतून जळत होती स्वतःवर. घरी आल्यावर एकदा भांडी घासता घासता तिनं आपणहोऊन सांगितलं. "त्याला सांगितलं असतं तर त्यानं तुम्हाला खोलीत बसवलं असतं का? मीच म्हणाले, शुभकार्य आहे, कशाला बोला." मी म्हणालो, मग त्याला तसं सांग. ती म्हणाली, "तोंड कुठल्या तोंडानं उघडू?" आणि नळ मोठा सोडला.

तर ज्यांच्या घरात अशी झडप बसवलेलं माणूस आहे, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. गोळ्या चुकवू नका, ते डॉक्टर सांगतीलच. पण भावाला सांगा, शेजाऱ्याला सांगा, सोयऱ्याला सांगा, लग्नाच्या मांडवात सांगा. बोलणं जड आलं की काय समजायचं, हे सगळ्यांना सांगा. आणि तंबाखू खाणाऱ्याच्या घरच्यांनो, आधी तोंडात बोट घाला, मग शिव्या द्या.

खारीक

मी हळूहळू कोर्टात जायला लागलो. जिना चढतो. युक्तिवाद पूर्वीपेक्षा सावकाश करतो, त्यामुळे न्यायाधीशांना तो पहिल्यांदाच नीट समजतो, असं बारमधले मित्र म्हणतात. शुभांगीचं लग्न लातूरच्या त्याच घरी ठरलं. त्या लोकांनी काही मनात धरलं नाही, उलट मुलाचे वडील मला भेटून गेले. आमची भीती फुकटची होती.

दिगंबर रोज संध्याकाळी फोन करायचा, माझ्या फोनवर. काम काही नसायचं. "दाजी, पाऊस हाय का तिकडं?" असलं काहीतरी विचारायचा आणि मी बोलत असताना श्वास रोखून ऐकायचा. मला त्याचा श्वास थांबलेला कळायचा. मी चार वाक्यं बोललो की म्हणायचा, "बरं, ठेवतो." अडलेलं धर्माबाद जमायला लागलं, तेही मी त्याला फोनवरच म्हणून दाखवलं होतं. घरी मात्र यायचा नाही. आक्का बोलत नव्हती ना.

एकदा त्याचा फोन आला तेव्हा मी गालात खारीक धरून पेपर वाचत होतो. तसाच बोललो. खारीक मोठी होती. काय बोललो आठवत नाही, पण जे गेलं ते लापशीच गेलं असणार. तिकडून "दाजी?" असं आलं, आणि फोन कटला. मी परत लावला, त्यानं उचलला नाही. मला वाटलं रेंज गेली.

मी पेपर संपवला, दुसरी खारीक गालात धरली आणि अंगणात झाडांना पाणी घालत बसलो. तर फाटकाशी मोटारसायकल आदळल्यासारखी थांबली. ती स्टँडवर न लावता तशीच आडवी टाकून दिगंबर आत आला. घामानं निथळत होता. पायात एक चप्पल होती, दुसरी कुठं पडली देव जाणे.

"आ करा," तो म्हणाला.

"अरे पण..."

"आ करा म्हनतो ना, दाजी!"

मी आ केला. त्यानं बोट घातलं. एका गालात फिरवलं, दुसऱ्या गालात फिरवलं, आणि खारीक बाहेर काढली. ती हातात धरून तो बघत उभा राहिला. मग जिथं उभा होता तिथंच, ओल्या मातीत, बसला.

स्वयंपाकघराच्या दारात सुमन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"धर्माबाद म्हना," दिगंबर खालूनच म्हणाला.

"धर्माबाद," मी म्हणालो.

त्यानं मागं न बघता, खारीक तशीच हातात धरून विचारलं, "नीट म्हनले ना गं, आक्का?"

सुमन दारातून आत वळली. मग आतून पाट सरकवल्याचा आवाज आला, ताट मांडल्याचा आला, आणि त्यामागून सुमनचा.

"नीट म्हणाले. ये आता, हात धू अन् जेवायला बस."